नॉरफोकमध्ये घराची उंची विचारायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नॉरफोकच्या नौदल तळावर बदली होऊन येणाऱ्या कुटुंबांना तुम्ही फोनवर तासन् तास समजावता, त्याचे आभार चारचौघांत मानायचे म्हणून हे उघडं पत्र. तुमचं म्हणणंही इथे टिपून ठेवतो, म्हणजे पुढच्यांना आयतं मिळेल.

घर बघायला निघालेला प्रत्येक जण ‘पुराचा झोन कोणता?’ एवढं विचारून थांबतो. तुम्ही ‘तळमजल्याची फरशी किती उंचीवर?’ हे विचारायला लावलंत. फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पूरनकाशावर ‘एई’ झोन म्हणजे दर वर्षी पुराची किमान १ टक्का शक्यता. ऐकायला क्षुल्लक, पण कर्जाच्या ३० वर्षांत तीच सुमारे २६ टक्के होते. त्यातही एकाच गल्लीत एक घर पूरपातळीच्या (त्या १ टक्का शक्यतेच्या पुराचं पाणी जिथवर चढेल ती उंची) तीन फूट वर आणि शेजारचं एक फूट खाली असू शकतं. हा फरक एलिव्हेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे घराच्या उंचीच्या मोजणीच्या दाखल्यावर, कळतो : तळमजल्याच्या उंचीतून पूरपातळी वजा करायची. मात्र दोन्ही आकडे एकाच डेटमचे, म्हणजे उंची मोजायच्या एकाच शून्यपातळीचे, हवेत. जुन्या कागदावर १९२९ चा आणि नव्या नकाशावर १९८८ चा असेल, तर ती वजाबाकी फसवी. त्याच कागदावर यंत्रांची उंचीही असते, ती बहुतेक जण वाचतच नाहीत. एसीचं बाहेरचं युनिट आणि घराखालच्या पोकळीतले डक्ट जमिनीलगत असतात, त्यामुळे पाणी घरात शिरण्याआधीच खर्च सुरू होतो.

नकाशावर कमी धोक्याचा दाखवलेला ‘एक्स’ झोन म्हणजे निर्धास्त, हा समजही तुम्ही मोडलात. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू वादळाच्या पावसानं शेजारच्या व्हर्जिनिया बीच शहरात एरवी कोरड्या समजल्या जाणाऱ्या वस्त्यांतही पाणी शिरलं. सपाट जमीन, भरलेली गटारं, पाण्याला जायला वाट नाही. २०२१ मध्ये तिथल्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी ५६ कोटी ७५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, ती उगीच नव्हे.

नॉरफोकचं दुखणं वेगळं. तळावरच्या सिवेल्स पॉइंटला १९२७ पासून समुद्रपातळीची नोंद आहे आणि ती वर्षाला साडेचार मिलिमीटरहून जास्त वेगानं वाढते आहे. समुद्र चढतो आणि जमीनही खचते; भूजलाचा उपसा हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून उधाणाच्या भरतीला ईशान्येच्या वाऱ्याची जोड मिळाली की लख्ख उन्हातही पाणी गटारांतून उलटं रस्त्यावर येतं. घर कोरडं, पण गाडी काढता येत नाही. तळाकडे जाणारा हॅम्प्टन बुलेव्हार्डही यातून सुटलेला नाही. तुमचा उपाय साधा : शरद ऋतूत अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीच्या वेळी घर ते तळाचं फाटक असा रस्ता गाडीनं बघायचा. गटाराच्या जाळीभोवतीचे क्षारांचे डाग दलालापेक्षा खरं बोलतात. खाऱ्या पाण्यातून मात्र गाडी घालायची नाही, ब्रेक आणि वायरिंग गंजतात.

गाव निवडताना शेजारच्या चेसापीक शहराचा ग्रेट ब्रिज भाग कुटुंबांना आवडतो, पण जवळच्या फेंट्रेस धावपट्टीवर विमानवाहू नौकेवरच्या अवतरणाचा सराव चालतो, रात्रीही. व्हर्जिनिया बीचमध्ये ओशियाना तळाची लढाऊ विमानं आहेत. म्हणून पुराच्या नकाशाशेजारी आवाजाचा नकाशाही उघडायचा, ६५ डेसिबलची रेघ बघायची आणि तान्हं बाळ असेल तर तिच्या बाहेरच राहायचं. सफोक शहराचा पश्चिम भाग उंचावर आहे, पण रोज नदीखालचा टोलचा बोगदा नाहीतर लांबचा वळसा. आम्हाला विचाराल तर शाळेत मुलं असलेल्यांनी सफोक किंवा चेसापीक आधी बघावं. घरभाडं भत्ता नेमणुकीच्या पिनकोडवर ठरतो, त्यामुळे गाव बदलून तो वाढत नाही.

शाळेचं तुम्ही दोन वाक्यांत उरकता, तेवढं पुरतं. इथे प्रत्येक शहराची शाळाव्यवस्था स्वतंत्र, म्हणून पत्ता कोणत्या शहराच्या हद्दीत येतो ते आधी बघायचं. सैनिकांच्या मुलांसाठीचा आंतरराज्य करार पन्नासही राज्यांत लागू आहे. जुन्या शाळेतल्या नोंदींची सही-शिक्क्याविना प्रत नेली तरी प्रवेश मिळतो आणि राहिलेल्या लशींसाठी ३० दिवस मिळतात.

विम्याबाबत मात्र तुम्ही हात धरून शिकवलंत. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविम्यात इमारतीला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण आहे, पण सामानाचा विमा वेगळा मागावा लागतो. भाडेकरूही तो घेऊ शकतो. साधारणपणे ३० दिवसांनंतरच तो लागू होतो, तेव्हा वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर फोन करणं व्यर्थ. विक्रेत्याची चालू पॉलिसी आपल्या नावावर करून घेता येते आणि तिच्या हप्त्यातली सवलतही कधीकधी सोबत येते, हे दलालांच्याही ध्यानात नसतं. आणि पूर्वीच्या पूरदाव्यांची माहिती विक्रेत्याकडून लेखीच मागायची, तीही सही करण्याआधी.

आपली ऋणी,
नॉरफोक परिसरातली मराठी कुटुंबं