यंदा सम सरांपर्यंत पोचली पाहिजे

पुणे ३०
पालख्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक. आईचा बीपी गोळीवर आहे, हिची पाठ मधूनमधून धरते. एवढंच.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दोन मिनिटांत "अरे, सोड की" म्हणतोस आणि ही गोष्ट मला सोडायची नाहीये.

गेल्या रविवारी आपल्या सरांना तबल्याच्या क्लासची मुलं व्हिडिओ कॉलवर ऐकवली. तू बेंगळुरूला त्यांच्या खोलीत टॅब्लेट लावून दिलास तेव्हापासून हे चालू आहे, तुला ठाऊक आहेच. मोतीबिंदूनंतरही त्यांना पडदा नीट दिसत नाही, सगळी मदार कानावर. चिमी, जिचा रेला मी तुला पाठवला होता, तिनं तीनतालात चक्रदार घेतला (तीच रचना तीनदा, शेवटचा धा समेवर म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर). पहिला पल्ला स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसऱ्यातल्या शेवटच्या तिहाईत दोन धा पडले आणि नेट अडकलं. सर पडद्यावर तसेच्या तसे. सगळं परत सुरू झालं तेव्हा ते मान तिरकी करून विचारत होते, "सम चुकली का गं?"

बंडू, चुकली नव्हती. मी शेजारीच हातावर ताल धरून बसलो होतो. बरोब्बर समेवर धा पडला, त्याची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, अजून खोलीत होती. मी तिला सांगितलं, सरांना सांगितलं. सर "बरं बरं" म्हणाले. त्यांचं "बरं बरं" तुला माहीत आहे. पोरीनं मुकाट्यानं तबल्यावर गवसणी चढवली आणि गेली. तिची आई सांगत होती, रात्री जेवली नाही.

आता हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणते, नेट गेलं, त्यात एवढं काय. भरत नाट्य मंदिरातल्या त्या संध्याकाळनंतर तू महिनोन् महिने तबल्याला हात लावला नाहीस. लेहरेवाला, म्हणजे तालाची धून धरणारा, घसरला होता आणि बोलणी तुला खावी लागली. सरांना नंतर कळलं, पण नंतरच. त्या बाबतीत तू सरांवर जास्तच रागावलास असं माझं अजूनही मत आहे, आणि त्यावरून आपलं जे भांडण झालं ते पुन्हा काढत नाही. पण या मुलीच्या वाट्याला ते येता कामा नये.

गुरुपौर्णिमेला जेमतेम अडीच आठवडे उरलेत. सरांना प्रवास झेपत नाही, म्हणजे सगळी मुलं त्यांना इथूनच ऐकवायची. तेव्हा घरचं इंटरनेट बदलायचं हे नक्की. फायबर घ्यायचं की वायरलेस, यावर आठवडाभर घरात दुसरा विषय नाही.

आत्ता जे आहे त्याला आम्ही इतकी वर्षं फायबरच म्हणत होतो. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर केबलवाल्याची पेटी आहे, तिथपर्यंत फायबर येतं. तिथून आमच्या खिडकीपर्यंत तांब्याची लॅन वायर, गल्लीतल्या आंब्याच्या फांदीवरून ओढलेली. पाऊस आला की वायरीच्या जोडांत पाणी, वीज कडाडली की पेटीतला स्विच जळतो, त्या इमारतीची वीज गेली की आमचं नेट गेलं. आमचे दिवे चालू असले तरी. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, आख्ख्या पेठेत असंच आहे."

माझ्या खराडीच्या भाच्याचा आग्रह वायरलेसचा. त्याच्याकडे आहे आणि झकास चालतं, मी स्वतः जाऊन पाहिलंय. बाराव्या मजल्यावर राहतो, समोर मोकळं, गच्चीवर हातभर लांबीचा अँटेना, तिथून एक वायर घरात. माणूस आला, दुपारपर्यंत बसवून गेला. २०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओनं एअरफायबर (नावात फायबर, पण वायरलेसच) पहिल्यांदा आणलं तेव्हाच्या आठ शहरांत पुणंही होतं, हे तो मला पुन्हापुन्हा ऐकवतो. आणि खरंच, गावाबाहेरच्या ज्या नव्या सोसायट्यांत अजून कोणाचीच केबल पोचली नाही, तिथं माणसांची केवढी सोय झाली. मी त्याला नावं ठेवत नाही. हिचंही मत तेच. भिंतीला भोक नाही, सेक्रेटरीच्या विनवण्या नाहीत, एका दिवसात काम.

पण बंडू, खराडीचा बारावा मजला कुठे आणि आमचा दुसरा मजला कुठे! टॉवर टिळक रस्त्याच्या बाजूला. कंपनीचा मुलगा गच्चीवर आला, मोबाइल फिरवून सिग्नल दाखवला, सकाळी अकरा वाजता उत्तम होता. मी त्याला समोरचा खड्डा दाखवला. वाडा पाडलाय, अकरा मजले उठणार आहेत, बरोबर त्याच दिशेला. काँक्रीट आडवं आलं की ५जीचा जो पट्टा जास्त डेटा वाहतो, ३३०० मेगाहर्ट्झचा, तोच आधी ढेपाळतो. ७०० चा भिंतीतून आत शिरतो, पण त्याची क्षमता कमी. मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला, "आज चालेल काका, इमारत झाल्यावर पुन्हा बघावं लागेल."

रात्री नऊला, पोरं मॅच आणि मालिका लावून बसतात त्या वेळी, मी पुन्हा गच्चीवर गेलो आणि फोनवर पिंग (निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते) लावून उभा राहिलो. स्पीड भरपूर येत होता. पण पिंगचा आकडा एकदा तीस, पुढच्याच क्षणी दीडशे, परत चाळीस. टॉवर एक आणि त्याच्यावर सगळ्या पेठेचे फोन. पालख्या आल्या त्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हिला फोन लावत होतो, लागेना. सगळ्यांच्या हातात फोन आणि कोणाचाच लागत नव्हता. विसर्जनाच्या दिवशी तर तू स्वतः अनुभवलंयस, आपण दोघं विजय टॉकीजच्या चौकात एकमेकांना शोधत होतो. घरच्या जोडणीसाठी टॉवरवर वेगळा वाटा राखता येतो म्हणतात, तरी हवा शेवटी सगळ्यांची एकच.

आणि इथेच भाच्याचं नि माझं जुळत नाही. तो मला एमबीपीएस, म्हणजे नुसता वेग, सांगतो. तीस घ्या, शंभर घ्या. मला शंभर करायचेत काय? चांगल्या व्हिडिओला तीन-चार पुरतात, नुसत्या आवाजाला तर त्याहून कितीतरी कमी. शिवाय मला वर पाठवायचंय, खाली उतरवायचं नाही. ५जीच्या त्या ३३०० च्या पट्ट्यावर वर-खाली आळीपाळीनं चालतं आणि त्यातला बराचसा वेळ खाली उतरणाऱ्यासाठी ठेवलेला असतो, कारण जग बघणाऱ्यांचं आहे. आपण वाजवणारे.

हिशोबच मांडतो, तू बँकेतला माणूस, तपासून बघ. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. पुणं ते बेंगळुरू, वळसे घेत दीड हजार किलोमीटर काच धरली, तरी साडेसात मिलिसेकंद. मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल धर, एक मात्रा अडीचशे मिलिसेकंदांची. म्हणजे बेंगळुरूचं अंतर मात्रेच्या कोपऱ्यातही दिसत नाही! जे काय बिघडतं ते माझ्या गल्लीत बिघडतं आणि सरांच्या खोलीत. सरांना आपण अर्धा सेकंद उशिरा ऐकू आलो तरी काही बिघडत नाही, ते साथीला बसलेले नाहीत. पण उशीर एकसारखा हवा. कधी तीस, कधी दीडशे असं झालं की पलीकडचं यंत्र वाट बघतं, थकतं आणि मधला तुकडा टाकून पुढं जातं. तो टाकलेला तुकडा समेचा असला म्हणजे? लय हलणारा साथीदार मिळाला की आपल्याला काय होतं, ते तू जाणतोस. मंद चालेल, डळमळीत चालत नाही.

म्हणून मी खरंखुरं फायबर घ्यायचं ठरवलंय, घरात येणारं. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात घेतलं तेव्हा मी जिन्यात उभा राहून पाहिलं. पोरगा विशीतला. वायरीचं साल काढत काढत आत गेला, शेवटी उरला काचेचा धागा, केसाएवढा. सव्वाशे मायक्रॉन, आणि त्यातही प्रकाश चालतो तो मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटचा कागद फिरवून पुसला, कटरवर ठेवून एका झटक्यात तोडला, तसाच दुसरा धागा. दोन्ही यंत्रात समोरासमोर ठेवून झाकण लावलं. छोट्या पडद्यावर दोन कांड्या हळूहळू जवळ येताना दिसल्या, बारीक ठिणगी उडाली आणि दोहोंची एक झाली. खाली आकडा आला, ०.०२ डेसिबल. एवढाच प्रकाश त्या जोडात वाया जाणार. "पाचच्या पुढं गेलं तर परत तोडतो," म्हणाला, म्हणजे ०.०५. बारीकशी नळी सरकवून तापवली, जोड बंद. बंडू, सर तबल्यावरची शाई तपासायचे ना, बोट टेकवून, डोळे मिटून? तसं त्या पोराचं लक्ष होतं. मला फार बरं वाटलं.

आणखी एक कळलं. एक्स्चेंजपासून घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही. एक काच बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतात, ती वाटणारी डबीही नुसती काचच. गल्लीची वीज गेली तरी प्रकाश चालूच. फक्त घरातल्या डब्याला वीज हवी, त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावणार. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी तास-दोन तास निघतील. फायबर तुटलं तर मात्र तुटलं, डब्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि माणूस येईपर्यंत बसायचं. कॉर्पोरेशननं लोंबत्या केबली कापल्या तेव्हा पलीकडची गल्ली तीन दिवस बंद होती. त्या दिवसापुरता फोनचा ५जी हाताशी ठेवणार, भाच्याचंही मन राहील.

राहिले आपले सेक्रेटरी. ज्यांची काच तू बॉलनं फोडलीस आणि नाव माझं सांगितलंस, तेच. दर्शनी भिंतीवरून नवी वायर नाही म्हणजे नाही. मी त्यांना दाखवलं, डॉक्टरांमुळे डबी मीटरच्या खोलीत आधीच आलीय, रस्ता खोदायला नको (पावसाळ्यात खोदूही देत नाहीत), जिन्याच्या डक्टमधून दोन मजले वर आणायची. शिवाय काचेत वीज नसते, शॉक नाही, आग नाही. "मीटिंगमध्ये बघू," म्हणाले. शनिवारी मीटिंग आहे. मी चिमीला घेऊन जाणार आहे. तिला वाजवायला सांगणार नाही, नुसती शेजारी बसेल.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? छोटीला ॲडमिशन मिळाली ते कळलं, फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद. हॉस्टेलचं सविस्तर लिही.

आता तुझं काम. माझ्याकडची काच कितीही चांगली असली तरी सरांच्या खोलीत राउटरचा सिग्नल दोन भिंती ओलांडून येतो. तिथं टॅब्लेट चालणार नाही. तुझा लॅपटॉप घेऊन जा आणि राउटरपासून सरळ लॅन वायर टाक. टॅब्लेटच्या स्पीकरमधून डग्गा ऐकूच येत नाही, नुसती चाट, म्हणजे तबल्याची कड, वाजते. चांगला हेडफोन ने, कान झाकणारा, सरांना कानात घालायचे आवडत नाहीत. झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" आहे, ते मी इकडे चालू करतो, नाहीतर ते डग्ग्याची आस म्हणजे गोंगाट समजून पुसून टाकतं.

आणि सरांचा तांब्याचा डग्गा तुझ्याकडे आहे. तो तुला का दिला नि मला का नाही, यावर मी आयुष्यभर बोलू शकतो, पण तो कपाटात राहू नये. पुढच्या रविवारी सकाळी दहाला आपण दोघं चाचणी घेऊ. तू सरांच्या खोलीतून डग्ग्यावर ठोका दे, मी इथून ऐकतो. मग मी देतो, तू हेडफोन लावून ऐक. लागोपाठ पंधरा मिनिटं, एकही ठोका गळता कामा नये. सरांना आधी सांगू नकोस.

राउटर ते सरांची खाट, किती मीटर वायर लागेल ते मोजून बुधवारपर्यंत कळव. इकडून तपकीर गल्लीतून चांगली घेऊन कुरियर करतो.

तुझा,
विन्या