गरज दिसली म्हणजे धंदा दिसला असे नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या उद्योगविषयक पुरवणीतील यशकथा मी नियमित वाचतो. त्यांतील बहुतेकांमध्ये उद्योजकाला एके दिवशी कल्पना सुचते आणि पुढच्याच परिच्छेदात कारखाना उभा राहतो. सुचलेल्या गोष्टीत खरोखर धंदा आहे की नाही हे त्याने कसे ताडून पाहिले, हा मधला भाग मात्र गळून जातो. सांगली जिल्ह्यात बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे लघुउद्योगांचे प्रस्ताव तपासल्यामुळे मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

किर्लोस्करवाडीचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर सर्वांना ठाऊक आहे. लाकडी नांगर जमिनीत खोल जात नाही, ही अडचण त्या काळी कोणाही शेतकऱ्याला दिसत होती. म्हणजे गरज ओळखण्यात फारशी हुशारी नव्हती. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात तयार झालेला त्यांचा पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज पक्का होता. गरज खरी, माल चांगला, आणि गिऱ्हाईक नाही! पदरी आधीचा सायकलींच्या दुकानाचा अनुभव आणि कडबा कापण्याचे यंत्र नसते, तर तेवढा काळ निभावणे कठीण गेले असते, असे मला वाटते. औंध संस्थानात निवडुंगाने भरलेल्या माळावर वसाहत उभी राहिली ती त्यानंतर, १९१० मध्ये. गिऱ्हाइकाचे मन वळायला किती दिवस लागतील आणि तोवर आपण कशावर तगणार, हे दोन प्रश्न यशकथांत क्वचितच येतात.

ते कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या प्रकल्प अहवालांतही येत नाहीत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ठिकाणानुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. योजना चांगली आहे, पण पुष्कळदा अर्जदार आधी अनुदानाचा आकडा पाहतो, मग यंत्राचे कोटेशन आणतो आणि धंदा शेवटी ठरवतो. अहवालात पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी ८० टक्के क्षमतेने उत्पादन होईल, असे छापील वाटावे इतके ठरावीक आकडे असतात. बेकरी असो वा विटांची भट्टी, आकडे तेच. माल कोण घेणार, या रकान्यात ‘स्थानिक बाजारपेठेत भरपूर मागणी’ एवढेच लिहिलेले असते.

एका तरुणाचा प्रस्ताव आजही आठवतो. तासगाव भागातला बेदाणा १५ किलोच्या पेट्यांत बाहेर जातो, आणि शहरात तोच लहान पाकिटात पुष्कळ महाग विकला जातो. या दोन भावांतला फरक त्याने अचूक हेरला आणि स्वच्छता, प्रतवारी व पॅकिंगच्या यंत्रासाठी कर्ज मागितले. पण त्या फरकात दुकानदाराचा नफा, वाहतूक, परत येणारा माल आणि दीड-दोन महिन्यांची उधारी दडलेली होती. शिवाय बेदाणा उन्हाळ्यात हंगामात रोखीने घ्यायचा, शीतगृहाचे भाडे भरत ठेवायचा आणि मोठी विक्री गणपती ते दिवाळीच्या दरम्यान करायची. म्हणजे अर्धे वर्ष पैसा अडकणार. अहवालात खेळते भांडवल, म्हणजे विक्रीचे पैसे येईपर्यंत धंदा चालवायला लागणारी रक्कम, एका महिन्याचे धरले होते. आम्ही यंत्राची किंमत बारकाईने तपासली आणि हा रकाना वरवर पाहून पुढे गेलो, हेही कबूल केले पाहिजे. दुसऱ्याच हंगामात यंत्र बंद पडून राहिले.

पुढे त्याच पट्ट्यातील दुसऱ्या एकाने तसलेच यंत्र घेतले, परंतु स्वतः बेदाणा खरेदी केलाच नाही. शेतकरी आणि व्यापारी यांचा माल तो किलोमागे मजुरी ठरवून निवडून देऊ लागला. मालात पैसा अडकत नाही, भाव पडला तरी मजुरी बुडत नाही. कर्ज मागायला येण्याआधी त्याने भाड्याच्या जागेत बायकांकडून हाताने निवड करून घेत एक हंगाम काढला होता, आणि किती जण पुन्हा आले याची वही त्याच्यापाशी होती. बेदाणा तोच, यंत्र तेच; पहिल्याने बाजारभावांतला फरक मोजला होता, दुसऱ्याने पैसा हातात यायला लागणारे दिवस.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. जिल्हा उद्योग केंद्राने आणि बँकांनी अर्जासोबत निदान दहा संभाव्य ग्राहकांशी झालेल्या बोलण्याची नोंद आणि महिनावार रोख आवक-जावक अर्जदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात मागावी. सल्लागाराने तयार केलेली चालणार नाही. आणि आपल्या प्रतिनिधींनी यशस्वी उद्योजकाची मुलाखत घेताना पहिले गिऱ्हाईक किती महिन्यांनी मिळाले, उधारी किती दिवसांची होती आणि याआधी कोणत्या कल्पना तपासून सोडून दिल्या, हे जरूर विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली