सिंहगड रस्त्यावर मालाडचा पाऊस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रोत्यांची आवड बदलली म्हणून पुण्यातल्या त्या एफएम केंद्राने कार्यक्रम बदलले, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. केंद्राचं नाव मी घेत नाही, तुम्ही चार वेळा घेतलंय, फोटोसकट. फक्त आवड बदललेला एखादा श्रोता बातमीत कुठे सापडला नाही.

माझं विठ्ठलवाडीला पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला कणीक भिजवायला घेते तेव्हापासून रेडिओवर हेच केंद्र चालू. "फोनवर ऐक की, हवं ते गाणं मिळतं," असं मुलगा म्हणतो. कणकेच्या हातांनी? रेडिओ एकदा लावला की लावला. घड्याळ बघायचीही गरज नसते. भक्तिगीतं संपली की तवा ठेवायचा, निवेदिकेने साडेसहा वाजल्याचं सांगेपर्यंत पन्नास पोळ्या व्हायलाच हव्यात. आता तिथे दिवसभर तीच ती हिंदी गाणी आणि मुंबईहून बोलणारा एक उत्साही मुलगा. परवा त्याने मालाडच्या पावसाची इतकी काळजी केली की मी डबे पोचवणाऱ्या पोराला रेनकोट घालायला लावला. बाहेर लख्ख ऊन! राजाराम पुलाच्या चौकात मात्र पोरगा चाळीस मिनिटं अडकला, त्याबद्दल रेडिओवर चकार शब्द नाही.

२५ जुलै २०२४ ची सकाळ मी विसरलेले नाही. आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या एक ताई नदीकाठच्या एकतानगरीत राहायच्या. सहा वाजले, सव्वासहा वाजले, ताईंचा पत्ता नाही, फोन बंद. दीडशे पोळ्यांची ऑर्डर. मी मनातल्या मनात त्यांचा दिवसाचा पगार कापूनही मोकळी झाले होते. तेवढ्यात निवेदिकेने गाणं मध्येच थांबवलं आणि सांगितलं की खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकवर पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली आहे, एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलंय. हातातलं लाटणं तसंच राहिलं. ताई दुपारी आल्या त्या अंगावरच्या कपड्यांनिशी. मालाडहून बोलणाऱ्या मुलाला एकतानगरी कुठे आहे हे कोण सांगणार?

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज आणि प्रशासनाने दिलेला आपत्तीचा इशारा या गोष्टी २०११ च्या सरकारी धोरणात बातमीत धरलेल्याच नाहीत. हे माझ्या धाकट्याने शोधून दाखवलं, तुमच्या बातमीदाराला सापडलं नसावं. एका निवेदकाच्या पगारात चार शहरं भागतात, एवढं सरळ सांगून टाकावं. उगाच आमच्या आवडीच्या नावावर बिल फाडू नये.

"मग आकाशवाणी लावा" असं कोणीतरी म्हणेलच. लावते. सात दहाच्या बातम्या सुरू झाल्या की पहिले डबे बाहेर पडतात. पण पुण्याचा तो बातम्यांचा विभागही २०२३ च्या जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरला हलवायला निघाले होतेच. ओरड झाली म्हणून राहिला.

आणि आता विषय निघालाच आहे तर, तुमच्या अंकात पूर्वी रोज आकाशवाणीच्या कार्यक्रमांचा रकाना असायचा. तो कधी गेला ते तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या सासूबाई अजूनही सकाळी तिसरं पान उघडून तो शोधतात आणि मग मलाच विचारतात. त्या जागी हल्ली रोज एक राशीभविष्य जास्त असतं. सासूबाईंची रास वृश्चिक आहे. काल त्यांना प्रवासयोग होता. त्या गुडघ्यांमुळे जिनासुद्धा उतरत नाहीत.

रकाना परत सुरू करणार असाल तर कळवा, म्हणजे मी त्यांना तसं सांगेन. अक्षरं मात्र जरा मोठी ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक, विठ्ठलवाडी, सिंहगड रस्ता