जोडीदाराचा व्हिसा आणि ‘राहता कुठे?’ हा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत स्थायिक होण्यासंबंधीचे लेख आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात आणि मी ते आवर्जून वाचते. त्यांत बहुतेक वेळा एक गोष्ट गृहीत धरलेली असते: नवरा-बायकोपैकी एक जण अमेरिकेत नोकरीला आहे आणि दुसरा मायदेशी व्हिसाची वाट बघतो आहे. पण दोघांपैकी एक अमेरिकन नागरिक, दुसरा नाही, आणि लग्नानंतर दोघं मिळून अमेरिकेबाहेरच संसार करताहेत, अशीही कितीतरी घरं आहेत. आमचं त्यांतलंच एक. मी अमेरिकन नागरिक, नवरा भारतीय नागरिक, आणि नोकऱ्यांमुळे मुक्काम तिसऱ्याच देशात. त्याच्या इमिग्रंट व्हिसाची, म्हणजे अमेरिकेत कायम राहायला जाण्याच्या व्हिसाची, सगळी प्रक्रिया आम्ही तिथूनच केली. अशा जोडप्यांना सर्वांत जड जाणाऱ्या अटीविषयी, म्हणजे नागरिकाचा रहिवास अमेरिकेत असण्याच्या अटीविषयी, आधी कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करायला हवा. ‘अमेरिकेच्या व्हिसासाठी वर्षानुवर्षं रांग असते’ हे सरसकट ऐकवलं जातं. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला रांग असते, त्याला रांग कुठवर आली ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघत बसावं लागतं. अमेरिकन नागरिकाच्या पती-पत्नीला मात्र वार्षिक संख्येची मर्यादाच नाही. जो वेळ जातो तो कागद तपासण्यात. नागरिकाने यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१३० हा नातं मान्य करून घेण्याचा अर्ज करायचा; तो मंजूर झाला की फाइल मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते; तिथे शुल्क, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म आणि कागदपत्रं; मग वैद्यकीय तपासणी आणि वकिलातीत मुलाखत. आय-१३० चं शुल्क १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाला ६७५ आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर झालं. पुढे व्हिसाचे ३२५ आणि आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर वेगळे.

खरी अडचण या हमीपत्रातच आहे. जोडीदाराचा भार सरकारवर पडणार नाही अशी हमी देणारा आय-८६४ नावाचा हा फॉर्म अर्ज करणाऱ्या नागरिकाने भरायचा असतो, आणि कायदा म्हणतो की हमी देणाऱ्याचा रहिवास अमेरिकेत असला पाहिजे. नागरिकत्व असणं पुरेसं नाही. पासपोर्ट अमेरिकेचा, पण घर, नोकरी, मुलीची शाळा, विमा सगळं दुसऱ्या देशात, अशा माणसाला तिथे सरळ प्रश्न येतो: तुम्ही राहता कुठे? गंमत नव्हे, चिंतेची गोष्ट ही की आय-१३० ला ही अट लागू नाही. नागरिक जगात कुठेही राहत असला तरी तो अर्ज करता येतो आणि मंजूरही होतो. त्यामुळे जोडपी निर्धास्त राहतात. पहिला टप्पा पार पडला, आता मुलाखत तेवढी उरली, असं वाटत असतानाच नॅशनल व्हिसा सेंटरच्या पायरीवर हा प्रश्न समोर येतो. कधी तर थेट मुलाखतीच्या खिडकीशी, आणि मग कागद अपुरे म्हणून व्हिसा तूर्त नाकारल्याची, कलम २२१(जी) ची, चिठ्ठी हातात पडते. राहिलेले कागद एका वर्षाच्या आत दिले तर फाइल पुढे सरकते. पण तोवर नोकरी सोडलेली असेल, घरमालकाला कळवून झालेलं असेल, तर ते दिवस कसे जातात हे मी जवळच्या नात्यात पाहिलं आहे.

अट पूर्ण करण्याचे मार्ग कायद्यातच आहेत. अमेरिकी सरकारच्या, काही अमेरिकी कंपन्यांच्या किंवा अमेरिका सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कामासाठी बाहेर असलेल्यांचा रहिवास अमेरिकेतच धरला जाऊ शकतो. तात्पुरते बाहेर गेलेले आणि तिथलं घर, मतदान, बँक सगळं चालू ठेवलेले लोकही ते दाखवू शकतात. आमच्यासारख्या उरलेल्यांनी हे सिद्ध करायचं असतं की जोडीदार अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवसापर्यंत आपणही तिथे राहायला आलेले असू. नुसतं ‘आमचा परत जायचा विचार आहे’ असं लिहून भागत नाही. त्या दिशेने काय केलं ते दाखवावं लागतं. आमच्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते, कुणाला उपयोग होईल: सामान हलवणाऱ्या कंपनीचं खर्चाचं लेखी पत्रक, मुलीच्या प्रवेशाबाबत तिथल्या शाळेशी झालेला पत्रव्यवहार, मी पाठवलेले नोकरीचे अर्ज आणि त्यांना आलेली उत्तरं, माझं चालू असलेलं अमेरिकी बँक खातं, आणि ‘स्वतःचं घर मिळेपर्यंत हे तिघं आमच्याकडे राहतील’ असं माझ्या भावाने सहीनिशी लिहून दिलेलं पत्र. यातला एकेक कागद सुटा पाहिला तर किरकोळ आहे. सगळे एकत्र ठेवल्यावर मात्र खरोखर निघालेलं कुटुंब दिसतं. मुलाखतीत अधिकाऱ्याने सामानाचं पत्रक आणि शाळेचा पत्रव्यवहार हे दोनच कागद उलटून पाहिले.

अनेकांना वाटतं की अमेरिकेतला एखादा नातेवाईक सहहमीदार म्हणून उभा केला की काम झालं. तसं नाही. सहहमीदार उत्पन्नाची उणीव भरून काढतो, रहिवासाची नाही. मूळ अर्जदाराचा रहिवास सिद्ध झाला नाही तर कितीही श्रीमंत मामा पाठीशी असून उपयोग नाही.

उत्पन्नाचंही असंच आहे. परदेशातला चांगला पगार तिथे सहसा धरलाच जात नाही, कारण स्थलांतर झाल्यावर तो बंद होणार असतो. त्याच मालकाकडून तोच पगार अमेरिकेत गेल्यावरही चालू राहणार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय अमेरिकन नागरिकाने जगात कुठेही कमावलं तरी, उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर असेल तर, अमेरिकेत प्राप्तिकराचं विवरणपत्र भरावं लागतं. परदेशी कमाईची सूट घेतली की त्या विवरणपत्रावर उत्पन्न शून्यही दिसू शकतं, आणि व्हिसा अधिकारी पहिल्यांदा तेच बघतो. बाहेर राहणारे कित्येक जण विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांना आधी तो हिशेब निस्तरावा लागतो. उत्पन्नाची किमान पातळी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असते. २०२५ च्या तक्त्यानुसार दोघांच्या कुटुंबाला ही रक्कम सुमारे २६,४३७ डॉलर होती. उत्पन्न कमी पडलं तर बचत किंवा मालमत्ता दाखवता येते, पण नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट. म्हणजे त्या तक्त्यानुसार, धरण्याजोगं उत्पन्न शून्य असेल तर जवळजवळ ७९,३०० डॉलर. तरुण जोडप्यापाशी एवढी रक्कम कुठून असणार? म्हणून शेवटी सहहमीदारच शोधावा लागतो.

आमचा सहहमीदार म्हणजे माझा थोरला भाऊ. फॉर्म पाठवला तेव्हा मला वाटलं होतं, दादा सही करून लगेच परत पाठवेल. त्याने दोन दिवस घेतले, प्रत्येक पान वाचलं आणि मग फोनवर विचारलं, “उद्या तुम्हा दोघांचं बिनसलं, तर हे माझ्यावरून उतरतं का?” उतरत नाही. घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. व्हिसा मिळालेली व्यक्ती अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत वा तिचा मृत्यू होईपर्यंत हमीदार बांधलेला राहतो. त्याच्या प्रश्नाने मला वाईट वाटलं नाही. उलट इतकं वाचून-समजून तो उभा राहिला याचं मोल मला फार आहे. नात्यातल्या कुणालाही ही सही मागताना, ती किती वर्षांची आहे हे आपणहून सांगितलं पाहिजे. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणून काका-मामांच्या सह्या घेतल्या जातात, ते मला बिलकूल पटत नाही.

आता तक्रारीचा मुद्दा. पूर्वी ज्या देशांत यूएससीआयएसची कार्यालयं होती, तिथे राहणारे नागरिक आय-१३० तिथल्या तिथे दाखल करू शकत. ही सोय १ फेब्रुवारी २०२० पासून बंद झाली. आता अर्ज अमेरिकेतच पाठवावा लागतो किंवा ऑनलाइन भरावा लागतो. वकिलातीला स्वतः अर्ज घेण्याची मुभा आहे, पण अपवादात्मक परिस्थितीतच: वैद्यकीय निकड, सुरक्षिततेला धोका, सैन्यातली नेमणूक, किंवा नोकरीमुळे अगदी ऐनवेळी आलेली बदली. बाकी सगळ्यांचे अर्ज नेहमीच्याच मार्गाने. ही सोय पुन्हा सुरू व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. ज्या देशात जोडपं एकत्र राहतं, मूल वाढवतं, भाडेकरार आणि बँक खातं दोघांच्या नावावर चालवतं, तिथल्या अधिकाऱ्याला त्या लग्नाचा खरेपणा दूरच्या केंद्रापेक्षा लवकर कळतो. आणि ती सोय सुरू होईपर्यंत किमान एवढं तरी व्हावं: अर्जदाराने परदेशातला पत्ता दिला की आय-१३० च्या पोचपावतीसोबतच रहिवासाच्या अटीची स्पष्ट सूचना त्याच्या हाती पडावी. त्याला खर्च काही नाही आणि कित्येक घरांची होरपळ वाचेल.

पोलिसांच्या दाखल्यांचं थोडक्यात सांगते. जोडीदार सोळा वर्षांचा झाल्यानंतर ज्या ज्या देशात वर्षभर किंवा अधिक राहिला, तिथला दाखला लागतो. मायदेशाला आणि सध्याच्या देशाला सहा महिन्यांहून जास्त वास्तव्य पुरेसं ठरतं. चार देश फिरलेल्या माणसाने हे काम आधीच हाती घ्यावं, कारण देश सोडल्यावर दाखला मिळवणं जास्त कटकटीचं. जोडीदाराला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर त्याच्यासाठी वेगळा आय-१३० करावा लागतो. नागरिकाच्या जोडीदाराच्या अर्जात मुलं आपोआप येत नाहीत. हे मुलाखतीच्या तोंडावर कळलेली आई मला माहीत आहे, आणि तिच्या मुलाला मागे राहावं लागलं.

‘एवढी यातायात कशाला, टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिथे गेल्यावर बघा’ हा सल्ला आम्हाला आपुलकीच्या माणसांनीही दिला. कृपया कुणी ऐकू नये. कायम राहायचा बेत मनात ठेवून, ‘फिरायला आलो’ असं विमानतळावरच्या अधिकाऱ्याला सांगणं ही खोटी माहिती ठरते, आणि तिच्यामुळे अमेरिकेचं दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतं. नवरा-बायकोला एकत्र राहायचं असताना हा जुगार खेळू नये.

याउलट, अर्ज मंजूर झाल्यावर ‘सावकाश जाऊ’ म्हणून फाइल पडूही देऊ नका. नॅशनल व्हिसा सेंटरची सूचना आल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो. आणि ज्यांचं लग्न अलीकडचं आहे त्यांनी प्रवेशाची तारीख बघून ठरवावी. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, दोनच वर्षांचं मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांना मिळून आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज भरावा लागतो. व्हिसा साधारण सहा महिन्यांपर्यंत वैध असतो, त्यामुळे लग्नाचा दुसरा वाढदिवस त्या अवधीत येत असेल तर काही आठवडे उशिरा निघाल्याने पुढचा सगळा व्याप टळतो. आम्हाला हे एका अनोळखी बाईंनी वैद्यकीय तपासणीच्या रांगेत सांगितलं. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

आपल्या पुरवणीत या विषयावर इमिग्रेशन वकील आणि अमेरिकी करांचा जाणकार अशा दोघांचा मिळून एक सविस्तर लेख यावा, अशी माझी विनंती आहे. त्यात परदेशी पगार, विवरणपत्र आणि हमीपत्र यांचा परस्परसंबंध उदाहरणाच्या आकड्यांसह समजावून द्यावा. वाचकांचे प्रश्न मागवणार असाल तर पहिला प्रश्न मीच पाठवेन: नवऱ्याची नोकरी परदेशी कंपनीचीच राहून ती अमेरिकेतून करायची असेल, तर ते उत्पन्न हमीपत्रात कोणत्या कागदांनी सिद्ध करायचं?

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक