खुब्याचं ऑपरेशन ‘फिटनेस’साठी अडवू नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : खुबा मोडलेल्या ज्येष्ठ रुग्णांची ऑपरेशनआधीची हृदयतपासणी आणि त्यात जाणारे दिवस

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे काम केलं आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई न्हाणीघरात पाय घसरून पडते, खुब्याचं हाड मोडतं, घरचे तिला सिव्हिलला आणतात. इथवर सगळं ठीक चालतं. एक्स-रे निघतो, पायाला वजन लावलं जातं. मग केसपेपरवर एक ओळ येते : ‘फिजिशियन फिटनेस, टू-डी इको करून घेणे,’ म्हणजे रुग्ण ऑपरेशनला योग्य आहे असा फिजिशियनचा दाखला आणि हृदयाची सोनोग्राफी. आणि ऑपरेशन तिथे अडतं.

जिथे इकोचं मशीन आहे तिथे ते चालवणारे डॉक्टर बऱ्याचदा ठरलेल्या वारीच येतात. जिथे नाही, तिथे पेशंटला बाहेर पाठवायचं. मोडक्या खुब्यानिशी स्ट्रेचरवरून अँब्युलन्समध्ये, तिथून कुठल्या तरी सेंटरच्या टेबलावर. इकोचं चित्र नीट मिळायला माणसाला डाव्या कुशीवर वळवावं लागतं. खुबा मोडलेल्या म्हातारीला कुशीवर वळवताना ती कशी ओरडते, हे धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने एकदा त्या खोलीत उभं राहून ऐकावं. एवढं करून हातात रिपोर्ट येतो : ‘एलव्हीईएफ ६० टक्के, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन, ट्रायव्हियल एमआर.’ म्हणजे हृदयाचं आकुंचन नेहमीसारखं, सैल पडणं किंचित मंद, झडपेतून नगण्य गळती. ऐंशीच्या घरातल्या बहुतेकांचा रिपोर्ट थोड्याफार फरकाने असाच असतो. तो वाचून माझ्या भूल देण्यात काडीचाही फरक पडत नाही.

मग तो मागवतात कशाला? खरं सांगायचं तर भीतीपोटी. टेबलावर काही झालं आणि उद्या ग्राहक आयोगात उभं राहावं लागलं, तर फाइलमध्ये इको असलेला बरा. फिजिशियन भूलतज्ज्ञासाठी मागवतो, भूलतज्ज्ञ सर्जनसाठी, आणि सगळे मिळून नातेवाइकांसाठी. माझ्या व्यवसायबंधूंना हे वाचून राग येईल, पण खासगीत विचारा, नाही म्हणणार नाहीत.

हृदयाचा धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. या वयात खुबा मोडला की वर्षभरात साधारण चारातला एक माणूस जातो असं जगभरची आकडेवारी सांगते, आणि त्यात हृदयाचा वाटा मोठा आहे. माझं म्हणणं इतकंच, की हा धोका ओळखायला दिवस लागत नाहीत. खाटेजवळ पंधरा मिनिटं लागतात. पहिला प्रश्न : पडलात कशा? पाय घसरला, की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? अंधारी आली असेल तर झडप किंवा हृदयाची लय बिघडल्याचा संशय घ्यायचा. दुसरा : पडण्याआधीपर्यंत काय काय करत होतात? जी बाई परवापर्यंत पाण्याची कळशी घेऊन पायऱ्या चढत होती, तिच्या हृदयाने आपली परीक्षा आधीच दिलेली आहे. रात्री उशा रचून झोपावं लागतं का, पायाला सूज येते का, हे विचारायचं. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते का, आणि ती मानेपर्यंत जाते का, ते बघायचं. ईसीजी, हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन. यापूर्वीचा हृदयविकार, हार्ट फेल्युअर, अर्धांगवायू, इन्सुलिनवरचा मधुमेह, क्रिएटिनिन दोनच्या वर, यांचे गुण मांडून ऑपरेशनमधला हृदयाचा धोका सांगणारा ली यांचा निर्देशांक १९९९ पासून वापरात आहे. त्याला कागद-पेन पुरतं.

एवढ्यातून ज्यांच्याबद्दल शंका येईल, म्हणजे मानेपर्यंत जाणारी मर्मर, कारण न कळणारा दम, वाढत चाललेलं हार्ट फेल्युअर, त्यांचा इको जरूर करावा. तोही खाटेजवळ, पोर्टेबल मशीनवर, आणि त्याच दिवशी. महाधमनीची झडप आकसलेली निघाली तरी ऑपरेशन रद्द होत नाही. मी भूल बदलते, धमनीत नळी घालून दर ठोक्याचा रक्तदाब बघते, आयसीयूत खाट सांगून ठेवते.

कुणासाठी थांबावं, याची यादी जगात कधीच झाली आहे. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली ती छापली : हिमोग्लोबिन ८ च्या खाली, सोडियम १२० च्या खाली किंवा १५० च्या वर, पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर. हाताबाहेर गेलेली साखर. आटोक्यात नसलेलं हार्ट फेल्युअर. मिनिटाला १२० च्या वर धावणारी, सुधारता येण्याजोगी हृदयाची लय. सेप्सिससह, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाच्या लक्षणांसह, छातीचा संसर्ग. रक्त न गोठण्याचा दुरुस्त होणारा दोष. थांबण्यासाठी न चालणाऱ्या कारणांत इकोची वाट पाहणं नावानिशी घातलेलं आहे. आणि यादीतल्या रुग्णांसाठी थांबायचं म्हणजे उपचार करत थांबायचं. लघवी वाढवणारं इंजेक्शन, रक्ताची पिशवी, लय आवरणारं औषध; तासांचं काम आहे. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे म्हणून पाच-सात दिवस खाटेवर ठेवण्याची प्रथाही आता मोडायला हवी. त्या दिवसांत न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळी होते, माणूस भ्रमात जातो. पायाला लावलेल्या त्या वजनाने तरी दुखणं कमी व्हावं, तर तसा पुरावा नाही. मांडीत दिलेला नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) त्याहून कितीतरी उपयोगी, पण तो किती ठिकाणी देतात हा वेगळाच विषय आहे.

२०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये हिप अटॅक नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, २,९७० रुग्ण. भारतही त्यात होता. निदानानंतर साधारण सहा तासांत ऑपरेशन केलेला एक गट आणि साधारण २४ तासांत केलेला दुसरा. मृत्यूंत फरक पडला नाही. सहा तासांच्या गटात भ्रम मात्र कमी झाला, रुग्ण लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. भरती होतानाच रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन वाढलेल्यांत, म्हणजे हृदयाला इजा झालेलीच होती अशांत, लवकर ऑपरेशन झालेल्यांचे मृत्यू कमी दिसले. हे विश्लेषण चाचणी झाल्यावर वेगळं केलेलं, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही. सहा तासांचा हट्टही धरत नाही. त्या चाचणीत सावकाश चाललेला गट २४ तासांवर होता. आपण दिवस मोजतो आहोत.

खरी नजर हवी ती ऑपरेशननंतर. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा हृदयाचा झटका बहुतेकदा छातीत न दुखताच येतो. वेदनाशामकांखाली तो दबलेला असतो. तो पकडायला ट्रोपोनिन लागतं. कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ पासून जास्त धोक्याच्या रुग्णांत ऑपरेशननंतर ४८ ते ७२ तास रोज ट्रोपोनिन तपासायला सांगितलं आहे. सरसकट इकोवर जाणारा पैसा सिव्हिलच्या प्रयोगशाळेत ट्रोपोनिनच्या किटवर गेला तर जीव वाचतील.

आपल्याकडे मागणं मोजकं आहे. एक शासन निर्णय काढा : खुबा मोडलेल्या साठीपुढच्या रुग्णाचं ऑपरेशन भरतीपासून ४८ तासांच्या आत, थांबायचं तर वरच्यासारख्या यादीतलं कारण केसपेपरवर लिहून, इको फक्त ठरवून दिलेल्या लक्षणांसाठी. डॉक्टरांची भीती याच कागदाने जाईल. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच स्पष्ट केलं आहे, की मान्य पद्धतीनुसार वागलेला डॉक्टर केवळ निकाल वाईट लागला म्हणून निष्काळजी ठरत नाही. ती मान्य पद्धत राज्याने लिहून दिली, की इको हे कवच राहणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, हे ठाऊक आहे. निर्णय दोन्ही खात्यांचा मिळून निघावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत इकोचा रिपोर्ट जोडला नाही तर क्लेम अडेल, अशी धास्ती रुग्णालयांत असते. ती खरी असो वा नसो, एका परिपत्रकाने मिटेल. इंग्लंडने २०१० पासून ३६ तासांत ऑपरेशन आणि आणखी काही अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा दर द्यायला सुरुवात केली. योजनेच्या दरात तसं काही करता आलं तर उत्तमच.

निर्णयाला वेळ लागणार असेल, तर तोवर एक करा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाला गेल्या सहा महिन्यांतल्या खुब्याच्या रुग्णांची भरतीची आणि ऑपरेशनची वेळ घेऊन यायला सांगा. पहिली नोंद आयपीडीच्या (भरती रुग्णांच्या) रजिस्टरमध्ये आहे, दुसरी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या). मधले दिवस कशात गेले ते केसपेपरवर मिळेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ