दात दाखवायला आलो, आजार तुम्ही ओळखलात: डॉक्टर मॅडम, थँक्यू

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

हे पर्सनल मेसेजवर पण लिहिता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण असा नाजूक प्रश्न पेशंटला कसा विचारायचा हे बाकीच्या डेंटिस्टनी आणि घरोघरच्या लोकांनी पण वाचावं असं मला वाटतं.

गार पाणी प्यायलं की दात शिवशिवतात, एवढीच माझी तक्रार होती. तुम्ही वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघितलीत, कानाखाली जबड्यापाशी बोटांनी चाचपलंत, मग असिस्टंटला बाहेर पाठवलंत आणि म्हणालात, "इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, आतून झिजलंय, हे अ‍ॅसिडचं काम दिसतंय. जुनी अ‍ॅसिडिटी असेल तरी होतं, वारंवार उलट्या होत असतील तरी होतं. जेवण झाल्यावर उलटी काढता का कधी?" बस, एवढंच. मी नाही म्हटलं, तुम्ही वाद घातला नाहीत, उपदेश केला नाहीत, काहीच न बोलता थांबलात आणि मग माझ्याच तोंडून हो निघालं. त्याआधी हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि माहीत तरी कसं असणार, लोकांच्या डोक्यात इटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेला मानसिक आजार, म्हटलं की हाडं दिसणारी एखादी मुलगी. तो अ‍ॅनोरेक्सिया, वजन वाढेल ह्या भीतीनं खाणंच तोडण्याचा आजार, आणि त्यातही सगळेच बारीक दिसतात असं नाही. माझा बुलिमिया, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग उलटी काढायची, ह्यात वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं, त्यात मी पुरुष, जिमला जाणारा, लोक मलाच डाएटच्या टिप्स विचारायचे! पण खुणा होत्या. जेवण झाल्या झाल्या बाथरूम, सगळ्यांसोबत जेवायचं टाळायला रोज नवीन कारण, घरातलं खाणं गुपचूप संपणं, जिम चुकली की दिवसभर चिडचिड, वजनकाट्यावर सारखं उभं राहणं, लाळग्रंथी सुजून गाल फुगलेले. उलटीसाठी घशात बोटं घालताना दात घासून बोटांच्या मागच्या बाजूला सांध्यांवर घट्टे पण पडले होते, त्याला रसेल साइन म्हणतात हे नंतर कळलं, जेराल्ड रसेल ह्या ब्रिटिश सायकियाट्रिस्टनी 1979 मध्ये ह्या आजाराचं वर्णन केलं त्यांच्यावरून.

तुम्ही सांगितलंत की उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, इनॅमल तेव्हा मऊ पडलेलं असतं, घासलं की अजून जातं, नुसत्या पाण्यानं चूळ भरा. आणि पुढचं वाक्य तर माझ्या डोक्यातून जातच नाही: "दातांचं मी बघते, पण तुमचं पोटॅशियम मला इथून दिसत नाही, आजच रक्त तपासा." पायात गोळे येतात, छातीत धडधडतं, ते मी जिमच्या खात्यावर टाकलं होतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम खरंच कमी निघालं, लगेच ईसीजी झाला. उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, माणूस अचानक जाऊ पण शकतो, आणि बाहेरून तो ठणठणीत दिसत असतो. नुसते रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असंही नसतं, हे तुम्ही तेव्हाच बजावलं होतंत.

तुम्ही चिठ्ठी देऊन सायकियाट्रिस्टकडे पाठवलंत तेव्हा मला वाटलं आता म्हणतील, खाण्यावर कंट्रोल ठेव. झालं उलटंच! सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, सुरू झाली, प्रौढांच्या बुलिमियासाठी ही मुख्य थेरपी, साधारण 20 सेशन्सचा कोर्स असतो, आणि त्यात पहिलं काम काय तर वेळेवर खायचं, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं थोडं, भूक असो नसो. कारण उपाशी राहिलं की शरीर कधीतरी वसुली करतंच, मग एकदम भरमसाट खाणं, मग लाज, मग उलटी, मग परत उपास, असं ते चक्र. थेरपिस्टनी मला 1944-45 मधल्या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, 36 धडधाकट तरुण पुरुषांना महिनोनमहिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर ते दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागले, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, आणि नंतर पोटभर मिळायला लागल्यावरही काहींचं खाणं थांबेना. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, म्हणजे मी हावरट नव्हतो, भुकेला होतो. गोळी पण आहे, फ्लुओक्सेटिन, नैराश्यावर देतात तीच, बुलिमियात तिचा डोस त्यापेक्षा जास्त लागतो, साधारण 60 मिलिग्रॅम, पण ते डॉक्टरनीच ठरवायचं, हे वाचून कुणी मेडिकलमध्ये जाऊ नका प्लीज.

घरच्यांना सांगताना तुमचीच पद्धत वापरली, जे दिसतंय तेवढंच बोलायचं, वजनाचा विषय काढायचा नाही. आता आई मला "बारीक झालास" पण म्हणत नाही आणि "जाड झालास" पण नाही, बाकीच्या नातेवाईकांना कोण समजावणार देव जाणे.

पूर्ण बरा झालोय असं नाही म्हणणार. मध्ये कामाच्या टेन्शनमध्ये एकदा परत झालं, पण दुसऱ्या दिवशी नाश्ता चुकवला नाही आणि थेरपिस्टला फोन केला. तुम्ही केलेलं फिलिंग शाबूत आहे, शिवशिव गेलीये. पुढच्या चेकअपला येतोय, तेव्हा आतली बाजू परत बघा आणि तोच प्रश्न परत विचारा, मी खरं सांगेन.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचा एक पेशंट