शाळेच्या ग्रंथालयासाठी आवाहन : दरमहा १०० रुपये, तीन वर्षे

गावकरी, माजी विद्यार्थी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला गेलेल्या सर्व मंडळींना जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके त्यात हवीत. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करण्याचे कामही कायद्याने समितीकडेच दिले आहे. यंदाच्या आराखड्यात ग्रंथालय पहिले घेतले आहे.

दाखल नोंदवहीनुसार कपाटात ७४० पुस्तके आहेत. मुलांच्या हातात देण्याजोगी फक्त ३१०. बाकीची म्हणजे जुनी पाठ्यपुस्तके, गाइड, एकाच पुस्तकाच्या ढीगभर प्रती आणि वाळवीने पोखरलेले गठ्ठे. त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तयार आहे. यातले बरेचसे देणगीत आले होते, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

शाळेचा पट १६० आहे. प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक घरी न्यायचे, तर मुलामागे पाच या हिशेबाने ८०० पुस्तके लागतात. ती एकदम घेणार नाही. पहिल्या वर्षाची देवघेव पाहिल्याशिवाय मुले काय मागतात ते कळत नाही आणि न चाललेली पुस्तके पुन्हा कपाटातच जातात. शिवाय हाताळून दरवर्षी साधारण दहा टक्के पुस्तके फाटतील किंवा हरवतील असे धरले आहे. आताच्या ३१० मध्ये वर्षाला २२० घातली तर ही घट वजा जाता तिसऱ्या वर्षाअखेर साडेसातशेच्या वर पुस्तके राहतात. पुढे वर्षाला ८० घेतली की पुरे.

शाळांमधली कपाटे कुलूपबंद का राहतात? पुस्तक हरवले तर चार्ज देताना वसुली निघेल, ही गुरुजींची धास्ती. बदली झाली की नवे गुरुजी मोजणीच्या भीतीने किल्लीच घेत नाहीत. म्हणून दहा टक्क्यांपर्यंतची घट कोणाकडूनही वसूल करायची नाही, तिची नोंद दरवर्षी मार्चमध्ये समितीच्या बैठकीत घ्यायची, असा ठराव केला आहे. देवघेव नोंदवही सहावी-सातवीची मुले सांभाळतील.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली काही मुले आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. अशा प्रत्येक मुलाला पाच पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देणार. त्यातली काही परत येणार नाहीत. चालेल.

पुस्तके दिसली पाहिजेत, म्हणून चार फुटांपेक्षा उंच नसलेले तीन उघडे लोखंडी रॅक हवेत. ते भिंतीपासून चार इंच लांब ठेवायचे. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि वाळवीही तिथूनच चढते. पिना मारलेल्या पुस्तकांच्या पिना गंजून पाने सुटतात, त्यामुळे नवे पुस्तक आले की आधी पिना काढून दोऱ्याने शिवायचे. चिकटपट्टी वापरायची नाही, ती पिवळी पडून कागद खाते. पाठीला कापडी पट्टीच हवी.

आता पैशाचे. सरासरी ८० रुपयांप्रमाणे २२० पुस्तकांचे १७,६०० आणि बांधणी, शिक्के, नोंदवह्यांचे २,४००, असे वर्षाला २०,००० रुपये लागतात. रॅकचे १३,५०० पहिल्या वर्षी एकदाच. तीन वर्षे दरमहा १०० रुपये देणारे १७ जण मिळाले की वार्षिक खर्च भागतो. एखाद्याने एकदाच पाच हजार दिले तर ते रॅकसाठी घेऊ. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पैसे आटले की आराखडा तिथेच अडतो, म्हणून थोडे पण नेमाने देणारे आम्हाला जास्त हवेत.

जुनी पुस्तके पाठवण्याआधी यादी पाठवा. गाइड, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, डायऱ्या कृपया नकोत. पहिली-दुसरीसाठी मोठी चित्रे आणि पानावर दोन-तीनच ओळी असलेली पुस्तके सर्वात कमी आहेत. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या मुलांना सुरुवातीला तीच लागतात. शिवणकाम येणाऱ्या ताई-मावशींनी महिन्यातला एक शनिवार बांधणीसाठी दिला तर मोठेच काम होईल.

रोख रक्कम कोणाच्याही हातात देऊ नये. समितीच्या बँक खात्याचा तपशील शाळेच्या फलकावर लावला आहे. रक्कम तिथे भरून मुख्याध्यापकांकडून पावती घ्यावी. जमाखर्च १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर वाचून दाखवला जाईल. पुस्तकांची मागणी मे महिन्यात नोंदवायची आहे, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत क्रमांक, शिक्के आणि शिलाई पूर्ण होईल. नावे एप्रिलअखेर कळवावीत.

शाळा व्यवस्थापन समिती
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा (इयत्ता १ ली ते ७ वी), जि. बीड